वाचलेल्यांचे गाणे

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन गावे उशिरा झोपी गेली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूमी हादरली आणि काही क्षणांत लातूर-उस्मानाबादकडील बावन्न गावे जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली.

आमचे मोडनिंब माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारी रेल्वे येथूनच जाते. त्या काळी ती अरुंद रुळांची बार्शी लाइट होती. किल्लारी येथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. त्या पहाटे आमच्या फडताळातील भांडी किणकिणली, खुंटीवरचा कंदील झुलू लागला, कुत्री भुंकू लागली. आम्ही लेकराबाळांना घेऊन अंगणात आलो. चांदण्यात घराच्या भिंती जशाच्या तशा उभ्या दिसल्या. ‘देवाची कृपा!’ घरातील वडीलधारी म्हणाली आणि आम्ही सर्वांनी क्रुसाची खूण केली.

दिवस वर आला तशी आकाशवाणीवरून बातमी आली. जखमींनी भरलेल्या गाड्या सोलापूरच्या रुग्णालयांकडे धावू लागल्या. पुढल्या रविवारी, ३ ऑक्टोबरला, मिस्साबलिदानाच्या वेळी उपकारस्तुतीचे शब्द ओठांवर आले आणि तेथेच अडखळले. आपल्यावर देवाची कृपा झाली म्हणून आपण वाचलो, असे म्हणावे तर किल्लारीवर, सास्तूरवर ती का झाली नाही? तेथील माउलींनी त्या रात्री देवाचे नाव घेतले नव्हते काय? आभार मानावेत तर मेलेल्यांचा अपमान होतो. न मानावेत तर कृतघ्नता होते. हा काटा आमच्या मनात बरीच वर्षे रुतून राहिला.

पुढे एका स्नेही धर्मगुरूंच्या संग्रहातील ध्वनिफितीवर आम्ही एक जुने इटालियन भक्तिगीत ऐकले. गाणारी स्त्री एकच, सोबतीला तंतुवाद्ये आणि अगदी शेवटी गायनवृंद. ‘हे कशावर आहे?’ असे विचारता ते म्हणाले, ‘भूकंपावर. रोम वाचले म्हणून पवित्र मरियेचे आभार मानण्यासाठी रचलेले गीत आहे.’ आम्ही दचकलो. आमचाच अडखळलेला शब्द तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी गाऊन गेले होते. त्या गीताचा, आणि ज्या भूकंपातून ते जन्मले त्या भूकंपाचा इतिहास आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या गीताचा प्रकार ‘कॅन्टाटा’ म्हणून ओळखला जातो. ‘गाणे’ या अर्थाच्या इटालियन क्रियापदापासून हा शब्द आला. जे केवळ वाद्यांवर वाजवायचे तो ‘सोनाटा’ आणि जे गायचे तो ‘कॅन्टाटा’. सतराव्या शतकात, ज्याला कलेचे इतिहासकार बरोक काळ म्हणतात त्या काळात, इटलीत हा प्रकार वाढीस लागला. त्यात साधारणपणे दोन प्रकारचे भाग आळीपाळीने येतात. एकात गायिका जवळजवळ बोलल्याप्रमाणे गाते आणि प्रसंग सांगते. त्यास ‘रेसिटेटिव्ह’ म्हणतात. दुसऱ्यात प्रसंग थांबतो आणि भावना फुलते, तो ‘आरिया’. आरियाचा पहिला भाग गाऊन झाला की निराळ्या छटेचा दुसरा भाग येतो आणि मग पहिला भाग पुन्हा, पण नव्या अलंकारांनी सजवून गातात. कीर्तन ऐकलेल्या वाचकांना ही रचना फार परकी वाटू नये. आपले कीर्तनकारही आख्यान सांगता सांगता थांबतात आणि पदात शिरतात.

‘सोप्रानो’ म्हणजे मनुष्यकंठातील सर्वांत उंच पट्टीचा आवाज. त्याच्याभोवती व्हायोलिन, व्हिओला यांसारखी तंतुवाद्ये असतात आणि सर्वांच्या तळाशी चेलो व हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन यांचा अखंड खर्ज चालू असतो. गायिका कितीही उंच गेली तरी तो खालचा आधार सुटत नाही. आमच्या आजीच्या पिढीतील स्त्रिया पहाटे जात्यावर बसून ओवी गात, तेव्हा दगडाची घरघर खाली आणि ओवी वर, असेच ते नाते असे. आवाज एकटा असतो, पण निराधार नसतो.

आता त्या भूकंपाकडे वळू. १७०३ सालच्या जानेवारी महिन्याच्या १४ तारखेच्या रात्री मध्य इटलीतील अपेनाइन पर्वतरांगेत मोठा भूकंप झाला. संत बेनेडिक्ट यांचे जन्मस्थान असलेले नोर्चा नगर त्यात उद्ध्वस्त झाले. दोन दिवसांनी पुन्हा धक्का बसला. लोक उघड्यावर, ऐन हिवाळ्यात दिवस काढीत असतानाच २ फेब्रुवारीला मध्यान्हीच्या सुमारास तिसरा मोठा धक्का बसला आणि लाक्विला हे सुंदर शहर कोसळले. तिन्ही भूकंपांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. किल्लारीच्या मृतांचा आकडाही याच्याच आसपासचा आहे.

२ फेब्रुवारी हा दिवस कॅथलिक वाचकांना निराळा सांगावयास नको. बाळ येशूला मंदिरात अर्पण केल्याचा तो सण. त्या काळी तो पवित्र मरियेच्या शुद्धीकरणाचा सण म्हणून पाळला जाई. त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित होतात आणि त्या पेटवून भाविक मिरवणुकीने ख्रिस्तमंदिरात येतात. १७०३ च्या त्या सणाला रोममध्ये पोप अकरावे क्लेमेंट याच उपासनेत होते. धरणी डोलू लागली. शहरात घबराट उडाली. प्राचीन कोलोसियमच्या दुसऱ्या वर्तुळातील तीन कमानी ढासळल्या. त्यांचे दगड पुढे तिबेर नदीवरील रिपेत्ता बंदराच्या बांधकामास वापरण्यात आले. परंतु रोम शहर उभे राहिले. लाक्विलाहून रोम सरळ रेषेत नव्वद-शंभर किलोमीटर दूर आहे. आपण ज्या अंतराने वाचलो, जवळजवळ त्याच अंतराने रोमही वाचले.

रोमच्या लोकांनी मात्र हे अंतर मोजले नाही. मरियेच्या सणाच्या दिवशी धरणी हादरली आणि तरीही शहर राहिले, तेव्हा मरियेनेच आपल्याला पदराखाली घेतले, अशी त्यांची श्रद्धा झाली. त्यांनी नवस केला. पुढील शंभर वर्षे या सणाच्या आदल्या दिवशी, १ फेब्रुवारीला, सर्व शहराने उपवास करावा आणि सणाच्या दिवशी उपकारस्तुती करावी, असा तो नवस होता. पोपमहाशयांनी पाच वर्षांसाठी कार्निव्हलचे खेळ आणि नाटक-तमाशे बंद केले. शहराने पश्चात्तापाचे वस्त्र अंगावर घेतले.

या बंदीचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नसेल असा झाला. नाट्यगृहे बंद झाली, परंतु रोममधील थोर गायक-वादक आणि त्यांना आश्रय देणारे धनिक तेथेच होते. कार्डिनल पाम्फिली, कार्डिनल ओत्तोबोनी, कार्डिनल कोलोन्ना, मार्क्विस रुस्पोली यांच्या प्रासादांत आठवड्याच्या ठरावीक दिवशी संगीताच्या बैठका भरत. रंगभूमीवर ऑपेरा नाही, तर दिवाणखान्यात कॅन्टाटा, आणि बायबलमधील कथेवर ऑरटोरिओ! ‘ऑरटोरिओ’ हे नावच मुळी संत फिलिप नेरी यांच्या प्रार्थनागृहावरून पडलेले. आर्कान्जेलो कोरेल्लीसारखा अलौकिक व्हायोलिनवादक या बैठकांचा म्होरक्या असे. अशा रीतीने भूकंपाच्या भीतीने घातलेल्या निर्बंधातून भक्तिसंगीताला बहर आला.

याच रोममध्ये एक एकवीस वर्षांचा जर्मन तरुण दाखल झाला. फ्रान्चेस्को वालेसिओ नावाच्या रोमन गृहस्थाने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली आहे: सॅक्सनीचा एक उत्तम हार्पसिकॉर्डवादक व संगीतरचनाकार शहरात आला असून त्याने संत योहानाच्या महामंदिरातील ऑर्गन वाजवून सर्वांना चकित केले, असा तिचा आशय आहे. नोंदीची तारीख आहे १४ जानेवारी १७०७. नोर्चा ज्या रात्री कोसळले, तिला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. तरुणाचे नाव गेओर्ग फ्रीड्रिख हॅन्डेल.

हॅन्डेल १६८५ साली जर्मनीतील हाले येथे जन्मला. तो लुथरन होता. रोममध्ये कोणीतरी त्याला कॅथलिक होण्याविषयी सुचविले, तेव्हा ज्या पंथात जन्मलो त्यातच मरण्याचा आपला निश्चय आहे, असे त्याने नम्रपणे सांगितल्याचे त्याच्या पहिल्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. तरीही रोमच्या कार्डिनलांनी त्याला दूर लोटले नाही आणि त्यानेही आपल्या कलेचा हात आखडता घेतला नाही. १७०७ या एका वर्षात त्याने लॅटिन स्तोत्रांना दिलेले संगीत आजही जगभर गायिले जाते. ख्रिस्ती ऐक्याविषयी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली आपला आदेश काढला. त्याच्या अडीच शतके आधी हे घडत होते. एका लुथरन तरुणाने कॅथलिक रोमच्या वतीने मरियामातेचे आभार मानले, ही आम्हांस लहान गोष्ट वाटत नाही.

ते आभाराचे गीत म्हणजेच आम्ही ध्वनिफितीवर ऐकलेला कॅन्टाटा. त्याच्या पहिल्या शब्दांवरून त्यास ‘दोन्ना, के इन चिएल’ म्हणतात. स्वर्गातील स्वामिनीला मारलेली ती हाक आहे. रोमच्या भूकंपातून झालेल्या सुटकेच्या वार्षिक स्मरणासाठी तो रचला गेला. आरंभी केवळ तंतुवाद्यांचे वादन होते. मग तो एकच उंच आवाज मरियेला संबोधितो. रेसिटेटिव्ह आणि आरिया आळीपाळीने येतात. पहिल्याच आरियेच्या आरंभी डळमळण्याच्या अर्थाचे क्रियापद आहे, आणि भीतीची आठवण आनंदाआधी ठेवलेली आहे. अखेरीस, इतका वेळ गप्प असलेला गायनवृंद त्या एकट्या आवाजाला साथ देत मरियेचे नाव घेतो. एकटीने सुरू केलेली प्रार्थना सर्व नगराची होते. आपल्या धर्मग्रामात जपमाळेच्या वेळी एक बाई अर्धा ‘नमो मरिया’ म्हणतात आणि उरलेला सर्व मंडळी उचलतात, त्यातीलच हा भाव आहे.

येथे एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या काळच्या रोममध्ये स्त्रियांना सार्वजनिक रंगभूमीवर आणि ख्रिस्तमंदिराच्या गायनवृंदात गाण्यास मनाई होती. तेथील उंच आवाज मुलांचे असत, किंवा बालपणीच शस्त्रक्रिया करून ज्यांचा कंठ फुटू दिला जात नसे अशा पुरुषांचे. कलेच्या आणि मर्यादेच्या नावाखाली कितीतरी बालकांवर हा अन्याय झाला. स्त्री गाऊ शके ती खाजगी प्रासादांत. रुस्पोली यांच्याकडे मार्गेरिता दुरास्तान्ती ही गायिका होती. १७०८ च्या पुनरुत्थान रविवारी हॅन्डेलच्या ऑरटोरिओत तिने मग्दालिया मरियेची भूमिका गायिली, तेव्हा पोपमहाशयांची नापसंती यजमानांच्या कानी आली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी पुरुष गायक उभा करावा लागला. पुनरुत्थानाची वार्ता सर्वांआधी ज्या स्त्रीला मिळाली, तिचे शब्द स्त्रीच्या कंठातून नकोत, हा केवढा विरोधाभास! आज आमच्या लहानशा गावांतूनही रविवारी मुली आणि आया गायनवृंदात पुढे उभ्या असतात, तेव्हा हा इतिहास आठवला की त्यांच्या सुरांचे मोल अधिक वाटू लागते.

हे सारे दूर युरोपातले झाले, आपल्या भूमीशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १६६३ साली जुझेप्पे दी सान्ता मारिया हे कार्मेली मिशनरी बिशप गोव्यात होते. बॉम जेझूच्या महामंदिरात त्यांनी सात गायनवृंदांचे वाद्यांसह गायन ऐकले. आपण रोममध्येच आहोत की काय, असे त्यांना वाटले आणि स्थानिक लोकांचे या कलेतील प्रावीण्य पाहून ते थक्क झाले, असे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. हॅन्डेलच्या जन्माआधी बावीस वर्षे आपल्या कोकणपट्टीत हे संगीत रुजले होते.

त्या परंपरेची एक शाखा अजून हिरवी आहे. गोव्यात उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाची मिरवणूक निघते, तेव्हा लॅटिन शब्दांची ‘मोतेत’ गीते गातात. साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बास असतात. या मिरवणुकीत एक प्रसंग असा येतो की सारे वादन-गायन थांबते. वेरोनिका झालेली एक मुलगी उंच जागी उभी राहते, प्रभूची मुद्रा उमटलेले वस्त्र हळूहळू उलगडते आणि एकटीच गाऊ लागते. शब्द यिर्मयाच्या विलापगीतातील असतात. वाटेने जाणाऱ्यांनो, माझ्या दुःखासारखे दुःख कोठे आहे काय ते थांबून पाहा, असे ती विनविते. गर्दी स्तब्ध होते. मागील पिढ्यांतील ‘मेस्त’ मंडळींनी धर्मग्रामाच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकविले, म्हणून हे टिकले. त्यांच्याच शिष्यांच्या पुढच्या पिढ्या मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेल्या आणि आपल्या कित्येक आवडत्या गीतांमागे व्हायोलिनचा ताफा म्हणून वाजल्या. एक उंच स्त्रीस्वर आणि त्यामागे तंतुवाद्यांची लाट, हे आपल्या कानांना परके राहिले नाही, याचे श्रेय त्यांना आहे.

वेरोनिकेचे हे गीत आठवले तेव्हा आमच्या मनातील गाठ थोडी सैल झाली. यिर्मयाचा विलाप हा पडलेल्या नगराचा विलाप आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाले. तीच नगरी स्त्रीरूपाने वाटसरूंना हाक मारीत आहे. रोमचा कॅन्टाटा उभ्या राहिलेल्या नगराचा आहे आणि गोव्याच्या वेरोनिकेचे गीत कोसळलेल्या नगराचे. ख्रिस्तसभेच्या संगीतात दोघांनाही स्थान आहे, आणि दोन्ही ठिकाणी गाणारा आवाज एकट्या स्त्रीचा आहे. प्रश्न उरतो तो इतकाच, की पहिले गीत गाणाऱ्याला दुसरे ऐकू येते काय?

१७०३ च्या त्या सणाच्या दिवशी लाक्विलामध्ये काय झाले ते आम्ही अजून सांगितले नाही. तेथेही तोच सण होता. तेथेही भाविक मेणबत्त्या घेऊन आले होते. सान दोमेनिको ख्रिस्तमंदिर उपासनेस जमलेल्या शेकडो माणसांवर कोसळले. त्याच सणाला, त्याच मरियेचे नाव घेणारी माणसे रोममध्ये वाचली आणि लाक्विलात मेली. रोमकरांचा नवस खरा, त्यांची कृतज्ञताही खरी. पण लाक्विलाच्या माणसांची भक्ती उणी पडली, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

प्रभू येशूने या प्रश्नाला सरळ उत्तर दिलेले आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो. ती माणसे यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, असे प्रभूने विचारले आणि स्वतःच ‘नाही’ म्हटले. मेलेल्यांच्या पापाचा शोध घेण्याचे दार त्याने बंद केले आणि वाचलेल्यांना आपल्या अंतःकरणात पाहण्यास सांगितले.

किल्लारीचा बुरूज का पडला, हेही पाहण्याजोगे आहे. दख्खनचे पठार स्थिर समजले जाई; भूकंपाच्या नकाशावर तो परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. १९९२ साली तेथे लहान धक्के बसले होते, पण मोठ्या भूकंपाची कल्पना कोणी केली नव्हती. उन्हाळ्याच्या तापापासून लेकरांचे रक्षण व्हावे म्हणून लोकांनी हातभर जाडीच्या दगडी भिंती मातीत रचल्या होत्या आणि वर लाकडाच्या तुळयांवर मातीचे जड धाबे घातले होते. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली, त्याच अंगावर आल्या. हे पापाचे फळ नव्हे. गवंड्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट आणि रात्रीची वेळ, इतकेच ते होते. पुढे सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन केले, देशोदेशीच्या संस्था आल्या, कॅरितास इंडियासारख्या आपल्या संस्थांनीही हात लावला आणि भूकंपाला टिकणारी घरे उभी राहिली. तीत ज्यांनी घाम गाळला त्यांनी, आमच्या मते, सर्वांत खरी उपकारस्तुती केली.

मग वाचलेल्यांनी गाऊ नये काय? आम्हांस आता तसे वाटत नाही. ज्या सणासाठी तो कॅन्टाटा रचला गेला, त्या सणाचे शुभवर्तमान पुन्हा वाचावे. वृद्ध शिमोन बालकाला हातांत घेतो, देवाची स्तुती करतो आणि आपल्याला शांतीने जाऊ द्यावे असे म्हणतो. हे आनंदाचे गीत आहे. पण त्याच दमात तो मरियेकडे वळतो आणि तिच्या जिवातून तरवार आरपार जाईल असे सांगतो. स्तुती आणि तरवार एकाच सणात, एकाच मुखातून येतात. मरियेने स्तुती ऐकली म्हणून तरवार नाकारली नाही, आणि तरवारीचे भाकीत ऐकून बाळाला मंदिरातून परत नेले नाही. तिला आभाराचे गीत अर्पण करायचे तर ते या दोन्ही गोष्टी पोटात घेऊनच केले पाहिजे. कॅन्टाट्यातील तो उंच आवाज आरंभी डळमळतो, भीतीची कबुली देतो आणि मगच नगराला साथीस बोलावतो, याचे मर्म आम्हांस येथे दिसते.

लाक्विलाच्या लोकांनी आपले स्मरण निराळ्या रीतीने राखले. भूकंपानंतर त्यांनी मृतांच्या आत्म्यांसाठी एक ख्रिस्तमंदिर बांधले. लोक त्यास ‘पवित्र आत्मे’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. शहराचे रंगही बदलले असे सांगतात: काळा शोकाचा आणि हिरवा आशेचा. कार्निव्हल तेथे २ फेब्रुवारी उलटल्यावाचून सुरू होत नाही. ६ एप्रिल २००९ रोजी लाक्विला पुन्हा हादरले. तीनशेहून अधिक माणसे गेली आणि त्या स्मारक-मंदिराचा घुमट कोसळला. तो पुन्हा उभारून २०१८ च्या डिसेंबरात मंदिर उघडण्यात आले. नोर्चामध्ये ३० ऑक्टोबर २०१६ रोजी संत बेनेडिक्ट यांचे महामंदिर पडले, समोरची भिंत तेवढी उभी राहिली. धरणी आपला स्वभाव सोडीत नाही, आणि माणसेही दिवा लावण्याचे सोडीत नाहीत.

रोमच्या नवसाची शंभर वर्षांची मुदत १८०३ साली संपली. उपवास करणारी ती पिढी आणि तिची नातवंडेही गेली. गीत मात्र राहिले. १९९० च्या दशकात त्याची उत्तम ध्वनिमुद्रणे झाली आणि त्यांतीलच एक मोडनिंबच्या एका घरापर्यंत येऊन पोहोचले. आज उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले आहे, बार्शी लाइटच्या जागी रुंद रुळांची गाडी धावते, आणि ज्यांनी ती पहाट पाहिली नाही अशी मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. किल्लारीत स्मारक आहे. ३० सप्टेंबरला तेथे फुले वाहिली जातात.

आमच्या घरी त्या तारखेला एक लहानसा नेम सुरू आहे. पहाटे उठून मेणबत्ती लावतो. आधी किल्लारी, सास्तूर आणि त्या बावन्न गावांसाठी मृतांची प्रार्थना म्हणतो, आणि मग ‘नमो राणी’. एकजण सुरुवात करतो, बाकीचे साथ देतात. त्या दिवशीचे एक जेवण आम्ही करीत नाही. त्याचे पैसे कोणा गरजूच्या घराच्या भिंतीसाठी ठेवतो. रोमच्या नवसाइतका तो मोठा नाही आणि त्यास शंभर वर्षांची मुदतही नाही. पण आता उपकारस्तुतीचा शब्द ओठांवर येतो तेव्हा तो पूर्वीसारखा अडखळत नाही. मेलेल्यांची नावे आधी घेतलेली असतात, म्हणून वाचलेल्यांना गाता येते.